पेडल खाली टेकेपर्यंत

७ जानेवारी

बाबा,

लाल दिवा लागल्यापासून तुमचा पाय खाली टेकेपर्यंत तुमच्या मनात काय चाललं होतं? मानसशास्त्राची पदवी घेतलेल्या तुमच्या मुलीला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, हे आधीच कबूल करते. शेजारच्या काकू अजूनही मला जिन्यात गाठतात आणि विचारतात, "सांग बरं, माझ्या मनात आत्ता काय आहे?" मी म्हणते, "गॅसवर दूध ठेवलंय," आणि त्या खरंच धावत आत जातात. तुमच्या बाबतीत असं काही सुचत नाही.

वर नुसतं 'बाबा' लिहिलंय. आधी चांगला लांबलचक मायना लिहिला होता. पण आपलं बोलणं बंद असताना तो खोटा वाटला, म्हणून कागद बदलला.

तुम्ही आत्याकडे जाऊन सतरा दिवस झाले. आई सगळ्यांना सांगते, आत्याचे गुडघे दुखतात म्हणून गेलेत. आत्याचे गुडघे आता सगळ्या गल्लीला पाठ झालेत. घरात मात्र आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. परवा कपडे वाळत घालताना एकदम म्हणाली, "एक आकडा इकडचा तिकडे केला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं?"

मी म्हटलं, "कोसळलं असतं. कुणाच्या तरी अंगावर."

तिने ओला टॉवेल असा झटकला की पाणी माझ्या तोंडावर आलं.

घडलं ते एकदा सरळ लिहून ठेवते, म्हणजे तुमच्याकडे एक हकीकत आणि माझ्याकडे दुसरी, असं व्हायला नको. तुमच्या बस डेपोत ड्रायव्हरांच्या चाचणीचं यंत्र आलं आणि एक वर्षासाठी चाचणी सहायक म्हणून मला घेतलं. भांडाराच्या मागची खोली. तिथे जमिनीला पक्की केलेली ड्रायव्हरची सीट, स्टिअरिंग, दोन पेडलं आणि समोर दिव्यांची पाटी. हिरवा दिवा असेपर्यंत ॲक्सिलरेटरवर पाय. लाल दिवा लागला की ब्रेक. लाल दिवा लागताच घड्याळ सुरू होतं आणि ब्रेकचं पेडल खाली टेकलं की थांबतं. पाऊण सेकंदाच्या आत थांबलं तर पास. घड्याळ सेकंदाचे शंभर भाग मोजतं, म्हणजे मर्यादा पंचाहत्तर. त्रेसष्ट ड्रायव्हर बसले, बारा जण मर्यादेच्या बाहेर गेले. तुमचा आकडा एक्याण्णव. मी एक्याण्णव लिहिला.

बारा नावांची यादी विश्रांतीच्या खोलीबाहेर फळ्यावर लागली. बाराही जणांना गाडीवरून उतरवून गाड्या धुण्याच्या ओट्यावर आणि चौकशीच्या खिडकीवर पाठवलं. तुम्ही बिल्ला साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि एकोणतीस वर्षांच्या नोकरीतली साठवलेली रजा एकदम टाकून निघून गेलात. जाताना आईला म्हणालात, "माझ्या पोरीने मला खाली उतरवलं." मी दारातच उभी होते. मलाही सांगू शकला असतात.

तुम्हाला आठवतं का, मी पहिल्या वर्षाला असताना तुम्ही जेवत होतात आणि मी समोर बसून पाठांतर करत होते? मानसशास्त्राची चार उद्दिष्टं. माणूस कसा वागतो त्याचं वर्णन करणं, तो तसा का वागतो याचं स्पष्टीकरण देणं, पुढे कसा वागेल याचं भाकीत करणं, आणि चौथं नियंत्रण, म्हणजे या सगळ्याचा उपयोग करून त्याचं वागणं भल्याकडे वळवणं. तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "अगं, हे तर आम्ही रोज करतो. समोर सायकलवाला दिसला. डुलतोय, हे तुझं पहिलं. का डुलतोय, तर मागे सिलिंडर बांधलाय, हे दुसरं. आता खड्डा चुकवायला हा उजवीकडे येणार, तिसरं. मी वेग कमी करतो, चौथं. यासाठी तीन वर्षं कॉलेज कशाला?"

"कारण तुम्ही एकच सायकलवाला बघता. आम्हाला सगळे सायकलवाले बघायचे असतात."

"सगळे बघायला जाशील तर एखाद्याला ठोकशील."

मग मी शाखा म्हणायला घेतल्या. बाल मानसशास्त्र, सामाजिक, चिकित्सा, प्रायोगिक, औद्योगिक. तुम्ही म्हणालात, "म्हणजे डेपो एक, रूट अनेक. तू कुठल्या रूटला?" मी म्हटलं, औद्योगिक, माणसाला त्याचं काम आणि कामाला त्याचा माणूस नीट मिळावा म्हणून. "आणि शेवटचा स्टॉप?" ते मला तेव्हा सांगता आलं नव्हतं.

तुम्ही माझ्या पदवीचा कागद चौकटीत घालून भिंतीवर लावलात. त्या कागदाचा अर्थ मी असा घेतला की समोर कुणीही बसलेलं असलं तरी दिसेल तेच लिहायचं. मी आकडा बदलला नाही. पुन्हा तशी वेळ आली तरी बदलणार नाही. रागवायचं तर इथे येऊन रागवा.

तुमची
लेक

१८ जानेवारी

बाबा,

आत्याचा फोन आला होता. तुम्ही पत्र वाचलंत, घडी घालून खिशात ठेवलंत आणि म्हणालात, "तिला सांग, मी गाडी चालवायचो, दिवे नाही." आत्याने निरोप तुमच्याच आवाजात सांगितला. तिला नक्कल छान जमते.

तुमच्या वाक्यावर मी चिडले. मनात उत्तरंही तयार केली. ती आता कामाची नाहीत, कारण मंगळवारी जे झालं त्यानंतर मला गप्प बसावं लागलं.

सकाळी कामावर जायला मी आपल्या कोपऱ्यावरून तुमचीच गाडी पकडली. म्हणजे पूर्वी तुमची असलेली. ड्रायव्हरच्या सीटवर हिरो होता. तोच, गॉगल डोक्यावर ठेवणारा. चाचणीत त्याचा आकडा सर्वांत चांगला, एकोणपन्नास. मी त्याच्या नावापुढे 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. गाडी भरलेली, मी मधल्या वाटेत उभी. मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. हिरोने ब्रेक मारला आणि आम्ही सगळे एकमेकांवर कोसळलो. एका आजींचा चष्मा उडून पुढच्या माणसाच्या मांडीवर पडला. माझं कपाळ दांड्याला लागलं. कंडक्टरकाका दोन सीटांच्या मध्ये बसकण मारलेल्या अवस्थेत ओरडले, "अरे, माणसं आहेत रे, पोती नाहीत! कुणी बसवलं याला गाडीवर?"

त्याचं उत्तर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी मला पाहिलं.

"मॅडम, तुम्ही होय!" ते उठता उठता म्हणाले. "लागलं का? बरं झालं. बरं झालं म्हणजे, लागलं ते नाही. उभ्या होतात ते."

डेपोत उतरल्यावर ते माझ्याबरोबर चालत आले. म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाच्या गाडीत मी अकरा वर्षं दोन्ही हातांनी तिकिटं फाडली. एका हातात पेटी, दुसऱ्यात तिकिटं. दांडा धरायला तिसरा हात लागलाच नाही कधी. आता बघ." त्यांनी बाही वर करून कोपर दाखवलं. काळंनिळं झालं होतं.

"बाबा हळू चालवायचे का?"

"हळू? अगं, वेळेच्या आधी पोचायचे. थांबायचे मात्र असे की झोपलेला माणूस जागा होऊ नये. उस्तादांचे चेले ना सगळे."

बाबा, उस्तादांचं नाव मी घरात शंभरदा ऐकलंय, पण ते शिकवायचे कसे हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. की सांगितलंत आणि माझं लक्ष नव्हतं? कंडक्टरकाकांनी सांगितलं ते असं: शिकाऊ ड्रायव्हर गाडी चालवतोय आणि उस्ताद मधल्या वाटेत उभे. ड्रायव्हरकडे पाठ, दांड्याला हात नाही, दोन्ही हातांत उघडलेलं वर्तमानपत्र. गाडी थांबवताना उस्तादांना तोल सावरायला पाय हलवावा लागला, की शिकाऊने जिथे असेल तिथे उतरायचं आणि चालत डेपोत परत यायचं. तुम्ही म्हणे पहिल्या महिन्यात एवढे चाललात की चपलेचा अंगठा तुटला. काका सांगत होते आणि हसत होते. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझी यादी होती.

भांडारात प्रशिक्षणाचं जुनं रजिस्टर आहे. मी दुपारी ते काढून बसले. उस्तादांच्या हाताखाली शिकलेले चौदा ड्रायव्हर आता डेपोत उरलेत. त्यातला एक चाचणीच्या वेळी आजारी होता. एक चौऱ्याहत्तरवर काठावर पास झाला. बाकीचे बारा माझ्या यादीत आहेत. यादीत दुसरं कुणीच नाही.

मला अजून काही सिद्ध करता येत नाही. पण बाबा, त्या सीटवर तुम्ही पेडल कसं दाबलंत ते मी पाहिलंच नाही. मी घड्याळ बघत होते. चार उद्दिष्टांतलं पहिलंच, वर्णन, मी केलं नाही. एका आकड्याला मी वर्णन समजले.

लेक

३१ जानेवारी

बाबा,

या पत्रात तीन गोष्टी आहेत. एक चांगली, एक वाईट आणि एक माझी.

चांगली आधी. डेपोतल्या वायरमनदादाला मी सगळं सांगितलं. त्याने यंत्राखाली डोकं घातलं आणि आतूनच म्हणाला, "ताई, याचा विजेचा संपर्क पेडलच्या तळाला आहे. पेडल पार खाली गेलं तरच घड्याळ थांबणार. पाय कधी पडला ते याला कळतच नाही." मग त्याने बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून एक पट्टी केली आणि पेडलच्या वरच्या बाजूला बसवली. आता घड्याळं दोन. पहिलं, तळवा पेडलला लागला की थांबतं. दुसरं, पेडल खाली टेकलं की.

अकरा जणांना पुन्हा बसवलं. साहेबांची तोंडी परवानगी घेतली होती. या वेळी मी घड्याळाकडे पाठ केली, आकडे वायरमनदादा लिहीत होता आणि मी फक्त पाय बघत होते. बाबा, काय सुंदर दिसतं ते! लाल दिवा लागताच पाय उडून पेडलवर येतो, अगदी हिरोच्या पायासारखा. आणि तिथून पुढे जणू पेडलखाली कुणाची तरी बोटं आहेत, इतकं जपून तो खाली जातो. हिरोला पेडलपर्यंत यायला चाळीस लागतात, तुमच्या दोस्तांना बेचाळीस, त्रेचाळीस. मग हिरो नऊमध्ये तळ गाठतो. तुमच्या दोस्तांना तिथे चाळीस-चाळीस लागतात. माझ्या यंत्राने तुमचं कौशल्य मोजलं आणि मी त्याला मंदपणा म्हटलं.

मग दुसरी फेरी. पहिल्या चाचणीत छापील सूचना होती, 'लाल दिवा लागला की ब्रेक लावा.' तुम्हा लोकांसाठी तो रोजचा सिग्नल झाला. या वेळी मी म्हटलं, "समोर मूल धावत आलंय असं समजा." सगळ्यांनी पेडल असं हाणलं की चौथ्या माणसाला पत्र्याची पट्टी तुटली. वायरमनदादाने दुसरी कापली. त्याच्या घरी आता बिस्किटं कागदावर ठेवलीत.

आता वाईट. अकरापैकी नऊ जण निर्दोष निघाले. दोघांचा पायच उशिरा उठतो, दोन्ही फेऱ्यांत. त्यातले एक पैलवानकाका. तुमचे जिवलग. लाल दिवा लागला आणि ते शांत बसून राहिले. मग म्हणाले, "लागला का? मला वाटलं, तुझ्या मागच्या खिडकीचं ऊन आहे." बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "पोरी, हे नको लिहूस. डोळे दाखवतो मी." मी म्हटलं, "डोळे दाखवाच काका. आणि मी लिहिणार आहे." ते त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. आता माझ्याशी न बोलणाऱ्यांची एक वेगळी यादी करता येईल.

आणि माझी गोष्ट. पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं की घडलं ते सरळ लिहिते. पूर्ण लिहिलं नव्हतं.

तुमच्या चाचणीच्या दिवशी साहेबांनी मला विचारलं होतं, "वडिलांची चाचणी दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का?" जवळच्या माणसाची चाचणी आपण घेऊ नये, हे कॉलेजात मॅडमनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मी साहेबांना म्हटलं, "गरज नाही, मी पक्षपात करत नाही." मला ते सगळ्यांना दाखवायचं होतं. बाहेर रांगेत ड्रायव्हर उभे होते आणि कुणीतरी म्हणालं होतं, "यांचं काय, घरचीच परीक्षा!" माझे कान तापले.

प्रत्येकाला सरावाच्या दोन फेऱ्या होत्या. तुम्ही म्हणालात, "सीट खाली आहे गं, अजून एकदा बघू दे." मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." तुम्ही ॲक्सिलरेटरवर पाय ठेवलात. बाबा, तुमच्या आधी पैलवानकाकांनी तिसरी फेरी मागितली होती आणि मी दिली होती. आणखी चौघांना दिली होती. फक्त तुम्हाला दिली नाही.

मी आकडा बदलला नाही, हे खरं. पण तो आकडा यावा म्हणून जे करायचं ते मी आधीच करून बसले होते. मी माफी मागते ती एक्याण्णव लिहिल्याबद्दल नाही. तिसऱ्या फेरीबद्दल.

लेक

१० फेब्रुवारी

बाबा,

काल साहेबांना अहवालाचा मसुदा दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना शिव्या द्याल. किंवा देणार नाही. मला तुमचं भाकीत करता येत नाही, हे सिद्धच झालंय.

ते म्हणाले, "हे सगळं बरोबर आहे. पण असं लिहू नकोस."

"मग कसं लिहू?"

"एक ओळ. 'यंत्राच्या संपर्कात बिघाड आढळला, दुरुस्त केला, फेरचाचणी घेतली.' नऊ जण उद्या गाडीवर. तुझ्या वडिलांना पण बोलावून घेतो. संपलं."

"साहेब, संपर्कात बिघाड नव्हता. तो जिथे बसवला होता तिथे नीट चालत होता. आपण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता."

"आपण म्हणजे कोण?" ते म्हणाले. "वरून हेच विचारतील. चाचणी कुणी घेतली? यादी कुणी केली? तुझी मुदत मार्चअखेर संपते. मी तुला कायम करायचं पत्र टाइप करून ठेवलंय. हे बघ." त्यांनी खरंच ड्रॉवरमधून काढून दाखवलं. माझं नाव त्यात नीट लिहिलेलं होतं, जे ते एरवी चुकवतात.

मी विचारलं, "यंत्र बिघडलं असं लिहिलं तर देखभालीच्या वहीत कुणाचं नाव आहे?"

त्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये परत ठेवलं. वायरमनदादाची सही आहे त्या वहीत, दर सोमवारची. 'तपासलं, ठीक.' त्याच्या सेवापुस्तकात शेरा पडेल. ज्याने डब्याचा पत्रा कापून मला खरं काय ते दाखवलं, त्याच्या.

आणि दुसरं. पुढच्या महिन्यात हेच यंत्र आणखी पाच डेपोंत जाणार आहे. पेडलच्या तळाला तोच संपर्क, तीच छापील सूचना. बिघाड म्हटलं की दुरुस्त झाला म्हणून सगळे निवांत. तिकडेही कुणीतरी असेलच, वर्तमानपत्र उघडून मधल्या वाटेत उभं राहणारं. त्याचे चेले तिकडच्या ओट्यावर गाड्या धूत बसतील आणि तिकडच्या सहायक मुलीला कधी कळणारही नाही.

साहेब म्हणाले, "तू फार पुस्तकी आहेस."

मी म्हटलं, "पुस्तकात हे नाहीये, साहेब. पुस्तकात असतं तर ही चूक झाली नसती."

त्यांनी मला दहा दिवस दिलेत. आईला सांगितलं. तिने पदवीच्या चौकटीची काच पदराने पुसली आणि म्हणाली, "त्यांना विचार." म्हणजे तुम्हाला. म्हणून विचारते. पण बाबा, तुम्ही काय म्हणता ते ऐकेन, असं मात्र लिहीत नाही.

लेक

२० फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. तुमचं अक्षर मी आजवर फक्त रजेच्या अर्जावर पाहिलं होतं. पाठीला टेकू दिल्यासारखं ताठ. आईने ते आधी वाचलं, मग माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

तुम्ही लिहिलंत, 'साहेब म्हणतात तसं कर. बिघाड लिही. वायरमनला मी समजावतो, माझं ऐकेल तो. मी एक तारखेला घरी येतो. तुझं नाव चुकीत नको. आपल्या घरातलं एकच नाव आजपर्यंत चांगल्या कागदावर छापून आलंय. ते तिथेच राहू दे.'

आणि खाली, वेगळ्या शाईने, बहुधा दुसऱ्या दिवशी: 'लाल दिवा लागला तेव्हा मनात काय होतं विचारतेस. काही नव्हतं. तू सीटच्या मागे उभी होतीस, एवढं माहीत होतं.'

सीट जमिनीला पक्की केलेली होती, बाबा. खोली हलत नव्हती. मी पडले नसते.

हे वाक्य मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. ते कुठल्या शाखेत घालायचं हे मला कळलं नाही. अहवालात घातलं नाही. त्याचा पुरावा होत नाही, आणि तुमच्या मनातलं मला अजूनही माहीत नाही. तुम्ही सांगितलंत तेवढंच माहीत आहे.

पण तुमचं पहिलं म्हणणं मी मानत नाही. तुम्ही घरी यावं म्हणून मी गेले दोन महिने काय काय कबूल केलं असतं! आता तुम्ही स्वतः तारीख दिलीत आणि तिला एक खोटं वाक्य बांधून दिलंत. ते सोडून या. वायरमनदादाला समजावू नका. तो तुमचं ऐकेल, म्हणूनच समजावू नका. आणि त्या चौकटीतल्या नावाचं म्हणाल, तर ते एका चांगल्या कागदावर जपून ठेवायला मी शिकले नाही. तुम्ही मला शिकवलंत तेव्हा तुम्हालाही ते नुसतं जपून ठेवायला नको होतं, असं मला वाटतं. चुकल्यावर जिथे असाल तिथे उतरायचं आणि चालत परत यायचं, हे तुम्ही स्वतः केलंत. चपलेचा अंगठा तुटेपर्यंत केलंत. मग मला गाडीतच बसून राहायला का सांगता?

तुमची फेरचाचणी तीन मार्चला, सकाळी अकरा वाजता आहे. माझ्या कॉलेजच्या मॅडम घेणार आहेत, त्यांनी होकार दिलाय. मी त्या खोलीत नसेन. सरावाच्या फेऱ्या प्रत्येकाला तीन, आता तसं छापलंच आहे. सीट वर-खाली होते, वायरमनदादाने करून दिली. तुमचा पाय उशिरा उठला तर मॅडम तसं लिहितील आणि मी त्यात एक शब्द हलवायला जाणार नाही. पैलवानकाकांसाठी हलवला नाही, तुमच्यासाठीही नाही. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. काल त्यांनी लांबून हात केला. मला केला की हिरोला, ते कळलं नाही, त्यांना तरी कुठे दिसत होतं.

साहेबांनी दिलेली मुदत काल संपली. अहवाल मी काल दिला.

साडेदहाला त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यात पट्टीचे आकडे आहेत, दोन्ही फेऱ्या आहेत, उस्तादांची शिकवण्याची पद्धत कंडक्टरकाकांच्या शब्दांत आहे, आणि यंत्र ज्या पाच डेपोंत जाणार त्यांची नावं, प्रत पाठवण्यासाठी. पाच जणांना सरावाची जास्त फेरी दिली आणि एकाला, माझ्या वडिलांना, नाकारली, हेही आहे. शेवटी लिहिलंय, 'यंत्रात बिघाड नव्हता. चाचणी घेणारीने घड्याळ पाहिलं, पाय पाहिला नाही.' खाली माझं पूर्ण नाव आणि पदवी. साहेबांनी वाचलं, ड्रॉवर उघडला, मला कायम करायचं ते टाइप केलेलं पत्र काढलं आणि उलटं करून त्याच्या पाठीवर माझ्या अहवालाची पोच लिहून दिली. ओरडले नाहीत. म्हणाले, "कोरा कागद जवळ नव्हता." पोच माझ्या पर्समध्ये आहे.

मग मी विश्रांतीच्या खोलीबाहेर गेले. बारा नावांची यादी अजून फळ्यावरच होती, कडा पिवळ्या पडलेली. आत ड्रायव्हर चहा पीत बसले होते, हिरो पण होता, आणि कंडक्टरकाका कोपराला मलम लावत होते. कुणीतरी विचारलं, "काय मॅडम, आता कुणाला उतरवताय?"

मी म्हटलं, "मला."

यादी काढली. तिच्या चारही टाचण्या तोंडात धरल्या, अहवालाची प्रत फळ्यावर सरळ केली आणि त्याच टाचण्यांनी लावली.

तुमची
लेक